आमच्या घरची ‘रेड’

दिवाळीचा फराळ आणि आयकर खात्याची धाड या दोन गोष्टी मध्यमवर्गीय माणसाच्या घरी एकाच दिवशी येण्याचा संभव फार थोडा. पहिली दरसाल येते. दुसरी येण्याइतकी आपली ऐपत नसते. असे असताना २०२४ च्या दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत माझ्या घरी रेड पडल्याची वार्ता तीन मजले चढून गच्चीपर्यंत पोचली होती. मराठीच्या प्राध्यापकाकडे धाडीत सापडणार काय, तर जुन्या उत्तरपत्रिका! पण लोकांना तेवढा विचार करायला सवड कुठे असते?

त्याचे असे झाले. आमची कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असते आणि सुटीपुरती घरी येते. ती जिन्यात उभी राहून मैत्रिणीला मोबाइलवर सांगत होती, “आज नाही गं जमायचं. आमच्याकडे रेड चालू आहे. सकाळपर्यंत चालेल, बाबा तर जागचे हलायला तयार नाहीत.” समोरच्या बिऱ्हाडातले काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. ‘रेड’ हा शब्द कानी पडताच त्यांच्या अंगात पूर्वीचा उत्साह संचारला. दहा मिनिटांत चिवड्याची वाटी घेऊन ते दारात हजर. हळू आवाजात म्हणाले, “प्राध्यापक, काही असेल तर मोकळेपणी सांगा. वरपर्यंत अजून आपली ओळख आहे.”

मी त्यांना आत नेऊन कोपऱ्यातली चपलांच्या खोक्याएवढी काळी पेटी दाखवली. तिचे हिरवे दिवे लुकलुकत होते. काकांनी चष्मा वरखाली करून ती न्याहाळली. “हीच का रेड?” म्हणाले, आणि वाटीतला थोडा चिवडा स्वतःच खाऊन निराश मनाने परत गेले.

आता ही रेड म्हणजे काय, हे सांगण्याआधी ती घरात का आली हे सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी मला पंचवीस वर्षे मागे जावे लागेल.

१९९९ साली मी एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला होता. विषय निवडण्यात विद्वत्तेपेक्षा सोय अधिक होती. ओव्या म्हणणारी बाई घरचीच होती. साताऱ्याकडे कोरेगावच्या बाजूला आमचे गाव. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती आणि गावात पिठाची गिरणी येऊन कैक वर्षे झाली होती. पण नुसते बसून ओवी म्हणायला सांगितले, की तिला एक ओळ सुचत नसे. “जातं फिरल्याबिगर गळा उघडत न्हाई,” म्हणायची. शेवटी मी आणि वडिलांनी मिळून अडगळीतले जाते काढले, खुंटा ठोकला, आणि पहाटे पाच वाजता टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून आजी दळायला बसली. अकरा कॅसेटी झाल्या. प्रत्येकीत आजीचा आवाज, खाली जात्याची घरघर, आणि अधूनमधून माझ्या आत्याचा मागून दिलेला सूर. आजी २००३ साली गेली. वडील त्यानंतर आठ वर्षांनी.

२००६ साली मी त्या कॅसेटी एका दुकानात देऊन काँप्युटरात उतरवून घेतल्या. २०१२ साली जागा बदलली, तेव्हा सामान कमी करायचे म्हणून कॅसेटींचे खोके भंगारवाल्याला दिले. सौभाग्यवतींनी त्या वेळी विचारले होते, “अहो, राहू देत की, काय जागा खातात?” मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले, “आता सगळं हार्ड डिस्कमध्ये आहे.” हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते मी पुढे आणखी एकदा उच्चारणार आहे.

२०२४ च्या गणपतीत ती हार्ड डिस्क टक्‌टक् करू लागली. भिंतीवरच्या घड्याळासारखा तो आवाज. मला वाटले, वायर सैल असेल. म्हणून मी ती काढून पुन्हा लावली. दहा वेळा लावली. हे करू नये, हे मला मागाहून कळले. हार्ड डिस्कच्या पोटात गुळगुळीत तबकड्या मिनिटाला पाच-सात हजार फेरे घेत असतात, आणि त्यांच्यावरून वाचणारी टाचणी तबकडीला न शिवता हवेच्या गादीवर तरंगत असते. अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. त्या टाचणीला आपली जागा सापडेनाशी झाली, की ती पुन्हापुन्हा मागे येऊन नव्याने शोधू लागते. तोच तो टक्‌टक् आवाज. अशा वेळी आपण डिस्क चालू करीत राहिलो, तर टाचणी तबकडीवर घासून उरलेसुरलेही खरवडून काढते. मी दहा वेळा खरवडले.

माहिती परत मिळवून देणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी धूळ नसलेल्या काचपेटीत डिस्क उघडली, त्याच जातीची दुसरी डिस्क मिळवून तिच्या टाचण्या या डिस्कला बसवल्या, आणि तीन आठवड्यांनी मला नऊ कॅसेटी परत दिल्या. चौथी आणि नववी गेली. बिल पाहून सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला बिलापेक्षा महाग वाटले. पण नववीत काय होते, हे मला आठवत होते. तिच्यात भावावरच्या ओव्या होत्या.

मिळालेल्या नऊ कॅसेटी कन्येने एमपीथ्री करून एका पेन ड्राइव्हवर घातल्या आणि एका छोट्या स्पीकरसह आत्याला गावी पाठवल्या. ही गोष्ट आम्ही केवळ म्हातारीला विरंगुळा म्हणून केली.

मग कन्येने फर्मान काढले, की आता घरात नास हवा.

“नास?” सौभाग्यवती उद्गारल्या. “दूध नासतं ते पुरत नाही का?”

नास म्हणजे घरातल्या जाळ्याला जोडलेली साठवणीची पेटी. तिला स्वतःचा छोटा मेंदू असतो. तिची वायर राऊटरला जोडायची, मग घरातला कोणताही काँप्युटर, कोणताही मोबाइल तिच्यात वस्तू ठेवू शकतो आणि काढू शकतो. पूर्वी वाड्यात एक सामाईक कोठीची खोली असे आणि चारही बिऱ्हाडे तिथून धान्य काढीत, तसे. आमच्या पेटीला दोन खण होते, आणि दोन खणांत दोन डिस्क बसवून त्यांचा आरसा करायचा, असा कन्येचा बेत होता. एकीत जे लिहिले जाईल, ते त्याच क्षणी दुसरीत लिहिले जाईल. एक मेली तरी दुसरी जिवंत. याला म्हणायचे रेड, क्रमांक एक.

या रेडचा विक्रीकराशी संबंध नाही. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. मोठ्या यंत्रांच्या एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या तर काम भागेल, आणि त्यातली एखादी बिघडली तरी माहिती वाचावी अशी व्यवस्था करता येईल, असे त्यांचे म्हणणे. अशा व्यवस्थांना त्यांनी क्रमांक दिले. आरशाची युक्ती आधीपासून वापरात होती, तिला एक नंबर मिळाला. ‘रेड’मधला एक अक्षर ‘स्वस्त’ या शब्दाचा होता. पुढे बाजाराने त्याचा अर्थ बदलून ‘स्वतंत्र’ असा केला. विकणाऱ्याला ‘स्वस्त’ हा शब्द कितीसा परवडणार?

“म्हणजे दोन घ्यायच्या आणि एकीचाच उपयोग?” सौभाग्यवतींनी हिशेब मांडला. “चार टीबीच्या दोन घेतल्या तर आठ नाही का मिळत?”

नाही मिळत, चारच मिळतात. आणि एक चारची, एक दोनची घेतली, तर दोनच. आरशात लहानाच्या मापाने चालते. त्यातून ते चारही पेटीत पूर्ण दिसत नाहीत, ३.६३ दिसतात. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र १०२४ च्या. वाण्याची पायली आणि घरची पायली यांतला हा जुनाच फरक.

“आणि आजींच्या ओव्या आहेत किती?”

“सहा जीबीच्या आत,” मी खालच्या आवाजात सांगितले. चार टीबीत त्या सहाशे-सातशे वेळा मावल्या असत्या. त्यावर सौभाग्यवतींनी एका डिस्कच्या किमतीत काय प्रतीची साडी येते, ते सांगितले. ही माहिती अचूक होती. पण घरातले वीस वर्षांचे फोटो, कन्येच्या बालपणीच्या चित्रफिती, माझी व्याख्याने असे सारे मिळून निम्मी डिस्क भरेल, असे कन्येने पटवून दिले. माझी व्याख्याने सुरक्षित ठेवण्याची निकड नक्की कुणाला आहे, हा प्रश्न सौभाग्यवतींनी फक्त डोळ्यांनी विचारला.

खरेदीला मी स्वतः निघालो. कन्येची सूचना होती, की दोन्ही डिस्क एकाच दुकानातून घेऊ नका. एकाच घाण्यातून निघालेल्या दोन डिस्क असल्या, एकाच दिवशी कामाला लागल्या आणि रात्रंदिवस सारखेच कष्ट करू लागल्या, तर त्या थकणारही बरोबरच. एक मेल्यावर दुसरीवरून तिसरी भरून घ्यायची, तर त्या रात्रभराच्या श्रमातच दुसरी मान टाकायची. म्हणून एक घरपोच मागवली आणि दुसरीसाठी मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो व लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत शिरलो.

दुसरी सूचना अशी, की डिस्क कौलारू नसावी. हा शब्द माझा. पण इंग्रजीतही त्या पद्धतीला छपरावरच्या फळ्यांचेच नाव आहे. जागा वाचावी म्हणून या डिस्कमध्ये माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. वाचायला अडचण नाही. पण मधले एक कौल बदलायचे, तर शेजारची उचलावी लागतात, हे ज्याने पावसाळ्यापूर्वी घर शाकारले आहे त्याला सांगायला नको. आरशातली मेलेली डिस्क बदलून नवी भरताना अशी डिस्क फार रखडते, मध्येच दमही टाकते. घरगुती पेट्यांसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क अशा होत्या आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेच नव्हते, याचा २०२० साली जगभर बोभाटा झाला होता. मी दुकानदाराला विचारले, “ही कौलारू तर नाही ना?” त्याने माझ्याकडे, मग डिस्ककडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेब, स्लॅबची घ्या.” त्याला कळले की नाही, कोण जाणे. पण डिस्क बरोबर निघाली.

पेटी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उघडली. खणात डिस्क सरकवायला पाच मिनिटे पुरली. कन्येने दोन चिठ्ठ्यांवर दोन्ही डिस्कच्या नंबरांतले शेवटचे चार आकडे लिहून ‘डावी’ आणि ‘उजवी’ असे त्या त्या खणावर चिकटवले. मला हा पोरखेळ वाटला. ती म्हणाली, “बाबा, एक डिस्क गेल्यावर घाबरलेला माणूस हमखास चांगली डिस्क बाहेर काढतो.” ज्याने दहा वेळा खरवडले आहे, त्याने यावर वाद घालू नये. मी गप्प बसलो.

मग पडद्यावर प्रश्न आला: कोणती रेड? एक नंबरच्या वर शून्य नंबरही होता आणि तो आठच्या आठ टीबी देत होता. सौभाग्यवती लगेच पुढे सरसावल्या. पण शून्य नंबरात माहितीचे तुकडे करून आळीपाळीने दोन्ही डिस्कवर टाकतात. एका पोथीची सम पाने काकांकडे आणि विषम पाने मामांकडे ठेवण्याचा प्रकार. वेग वाढतो हे खरे. पण मामांचे घर जळले तर काकांकडची पानेही रद्दीच. आम्ही एक नंबर निवडला. त्याखाली धमकी आली, की दोन्ही डिस्कवरचे सर्व काही पुसले जाईल. डिस्क कोऱ्या आहेत हे ठाऊक असूनही माझे बोट थरथरले. कन्येनेच ते बटण दाबले.

आणि दोन डिस्कचा मेळ बसायला सुरुवात झाली. चार टीबी, सेकंदाला साधारण सव्वाशे-दीडशे एमबी, म्हणजे आठ-नऊ तास. हीच ती ‘सकाळपर्यंत चालणारी रेड’. मी खरोखरच जागचा हललो नाही. रात्री बाहेर फटाके आणि आत ती बारीक गुरगुर. अधूनमधून कन्या एक काळी चौकट उघडून दाखवी. तिथे कंसात दोन इंग्रजी ‘यू’ शेजारी शेजारी दिसले, की दोन्ही डिस्क धडधाकट. एका ‘यू’च्या जागी नुसती रेघ आली, की एक गेली. विरामचिन्हांवर मी आजवर पुष्कळ बोललो आहे, पण एका रेघेत एवढा अर्थ मी कधी शिकवला नव्हता. सकाळी उठून पाहतो, तो सौभाग्यवतींनी पेटीला हळदकुंकू वाहिलेले. बोट मात्र नेमके झरोक्यावर टेकले होते.

पाडव्याच्या दिवशी कन्येने परीक्षा घेतली. आजीची पहिली कॅसेट पेटीत घालून ती दिवाणखान्यातल्या स्पीकरवर लावली. जाते फिरू लागले, आजीने गळा उघडला, आणि कन्येने आम्हाला काही न सांगता उजव्या खणातली डिस्क सर्रकन बाहेर ओढली. पेटी टाहो फोडू लागली. माझ्या छातीत धस्स झाले. पण आजी थांबली नाही. ओवी पुरी झाली, जात्याची फेरी पुरी झाली, दुसरी ओवी सुरू झाली. सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर डिस्कच्या किमतीचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

डिस्क परत बसवली, रात्रभर पुन्हा मेळ बसला. वीज गेली तर पेटी शिस्तीत बंद व्हावी म्हणून यूपीएस आला. पेटीची तब्येत बिघडली तर मला मेल यावी अशी व्यवस्था झाली, आणि ती मेल खरेच येते का हेही पाहिले. महिन्यातून एकदा पेटी स्वतःच दोन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचून एकमेकींशी ताडून पाहील, अशी सोय केली. इथे कन्येने एक बारकावा सांगितला. साध्या आरशात दोन प्रती एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर खरी कोणती हे यंत्राला कळत नाही. म्हणून काही नव्या पद्धती माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर तिची पडताळा-संख्याही लिहून ठेवतात. प्रत आणि संख्या जुळली नाही की ती प्रत खोटी. मी म्हटले, हे तर वैदिकांचे जुने काम. शब्द सरळ, उलट, पुन्हा सरळ अशा क्रमाने गुंफून म्हणणारा घनपाठ तरी कशासाठी होता? एक अक्षर हलले तर सारी वीण उसवायची आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडायची. कन्या म्हणाली, “चालेल. परीक्षेत तसं लिहिते.”

जाताना तिने दोन गोष्टी विचारल्या. “बाबा, स्नॅपशॉट चालू करू? रोज रात्री त्या वेळची स्थिती टिपून ठेवतं.” मी विचारले, जागा खाईल का? ती म्हणाली, थोडी. मी म्हणालो, नको. “आणि ओव्यांची तिसरी प्रत त्या दुरुस्तीवाल्याने दिलेल्या डिस्कवर आहे, ती जपून ठेवा.” मी मान डोलावली. जानेवारीत कॉलेजात व्याख्यानांच्या चित्रफितींसाठी डिस्क कमी पडली, तेव्हा मी ती कोरी करून देऊन टाकली. सौभाग्यवतींनी विचारले. मी म्हणालो, “आता सगळं आरशात आहे.”

२०२५ च्या मे महिन्यात सुटी लागली आणि मला आवराआवरीची हुक्की आली. पेटीत ‘आजी’ नावाच्या दोन पेट्या दिसल्या, एक ‘आजी’ आणि एक ‘आजी नवीन’. दोन सारख्या प्रती कशाला, म्हणून मी जुनी पुसली. पेटीने विचारले, नक्की? मी म्हटले, नक्की. मग ‘आजी नवीन’ उघडली. तिच्यात सौभाग्यवतींच्या आईचे पंचाहत्तरीचे फोटो होते.

जाळ्यावरून पुसलेली वस्तू काँप्युटरच्या कचरापेटीत जात नाही, हे मला तेव्हा समजले. डावी डिस्क पाहिली, उजवी पाहिली. दोघींनीही माझी आज्ञा एकाच क्षणी, तंतोतंत पाळली होती. मी कन्येला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. हे न बोलणे तिने आईकडून घेतले आहे. मग म्हणाली, “बाबा, तो आरसा आहे, तिजोरी नाही. तुम्ही कपाळावरचं गंध पुसलंत, तर आरशातला माणूस ठेवेल का?”

त्या रात्री मला वर्गात शिकवलेले आठवत राहिले. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि पुढे हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तिचे पाठ पुन्हा उभे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. पंधरा वर्षे मी हे सांगत आलो आहे आणि ‘परीक्षेला येऊ शकते’ असेही सांगत आलो आहे. माझ्यावर मात्र कोणाची स्वारी आलेली नव्हती. मी स्वतःच ‘नक्की’ म्हटले होते.

सकाळी सौभाग्यवती चहाचा कप ठेवीत म्हणाल्या, “अहो, आत्यांकडे तो स्पीकर पाठवला होता ना?”

मी त्याच रात्रीच्या एसटीने निघालो.

आत्या आता ब्याऐंशीची आहे. अंगणात पोचलो, तेव्हा घरातून आजीचा आवाज येत होता. आत्या रोज पहाटे स्पीकर लावून भाकऱ्या थापते, असे शेजारणीने सांगितले. मी आधी पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉपवर उतरवली, मग पाया पडलो. हा क्रम आत्याच्या लक्षात आला. “आरं, मी हाय की जित्ती. तिला का आधी?” म्हणाली.

नऊच्या नऊ होत्या. मात्र त्या एमपीथ्री होत्या, म्हणजे लहान करण्यासाठी आवाजाचे थोडे अंग छाटलेल्या. आजीचा गळा आहे तसा आहे. पण जात्याची घरघर, ती खालची जाड घरघर, थोडी बोथट झाल्यासारखी मला वाटते. कन्या म्हणते, हा माझ्या मनाचा खेळ आहे. असेलही.

दुपारी मी आत्याला चौथ्या आणि नवव्या कॅसेटीचे सांगितले. तिने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग मला का न्हाई इचारलंस? मी मागनं सूर देत हुती की.” जाते आता वळचणीला पालथे पडलेले. त्याची पाळी फिरवायची ताकद तिच्या हातात नाही, म्हणून मी फिरवायला बसलो. कोरडेच जाते फिरवू नये म्हणाली, म्हणून मूठभर जोंधळे घातले. मी फिरवीत होतो आणि मोबाइल शेजारी ठेवला होता. ती म्हणत गेली. दीड तास म्हणाली. चौथीतल्या किती आल्या, सांगता येत नाही. पण भावावरच्या ओव्या ती ओळीने म्हणाली.

मध्येच ती एका ओवीपाशी थांबली. “आई हितं येगळं म्हनायची,” म्हणाली. ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवून पाहिले. “न्हाई आठवत. मी माझी म्हनते.” आणि तिने स्वतःची म्हटली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “ही तुझ्या बापावरली. मी केल्याली. त्यो मुंबईला गेला, तवाची.”

माझे वडील गिरणीत लागायला मुंबईला गेले, ते १९६८ साली. प्रबंधिकेत मी ओव्यांचे वर्गीकरण केले आहे: भाऊविषयक, माहेरविषयक, देवविषयक. त्यातली एखादी माझ्याच वडिलांवर असेल, असे मला कधी वाटले नव्हते. आजीचा शब्द कोणता होता, हे आता कोणत्याही पडताळा-संख्येने कळणार नाही. मी दोन्ही पाठ नोंदवून ठेवले आहेत. एकाच्या जागी रेघ आहे.

आता पेटीत स्नॅपशॉट चालू आहे. ते सारे पुन्हा लिहीत नाही, फक्त बदललेले तेवढे टिपते, म्हणून जागा मी धरली होती त्याच्या पासंगालाही लागली नाही. इंटरनेटवरून पेटीचे दार बाहेर उघडे ठेवलेले नाही. २०२१-२२ मध्ये अशा घरगुती पेट्यांत शिरून, माहितीला कुलूप लावून खंडणी मागणाऱ्यांनी जगभर धुमाकूळ घातला होता. अशा वेळी आरसा काय करणार? तो कुलूपही दोन्हीकडे सारखेच दाखवील. छायाचित्रकारांच्या जगातून आलेला एक नियम कन्येने फ्रिजवर लिहून चिकटवला आहे: प्रती तीन, जाती दोन, आणि एक प्रत गावाबाहेर.

गावाबाहेरची प्रत आत्याकडे आहे. छोटी डिस्क, तळहाताएवढी. जूनमध्ये मी ती नेऊन दिली, तेव्हा तिने उलटीपालटी करून पाहिली, कानाला लावली. “हिच्यात आई हाय?”

“आहे. आणि तूही आहेस.”

“बोलत न्हाई ती.”

“काँप्युटरला जोडल्यावर बोलते.”

तिने ती एका जुन्या धडप्यात गुंडाळली आणि लग्नातल्या शालूखाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी ट्रंकेत ठेवून दिली. दर दिवाळीला मी नवी भरलेली डिस्क न्यायची आणि जुनी परत आणायची, असे ठरले आहे. यंदाची भरून झाली. फराळाच्या डब्यात, चकल्यांच्या खाली ती बसते असे सौभाग्यवतींनी मापून पाहिले आहे. भाऊबीजेच्या आदल्या रात्रीच्या एसटीचे तिकीट काढले आहे. ओवाळून घ्यायला वडील नाहीत, म्हणून त्यांच्या जागी आत्या मला ओवाळते, आणि दरवेळी ताट खाली ठेवताना विचारते, “त्या पेटीला न्हाई आणलंस?”